मुका खो

मैदान गेलं. आधी तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच आशा धरणार नाही.

अंबरपेठेला मुशी नदीच्या काठावर, आमच्या मराठी शाळेच्या मागं, चिंचांच्या रांगांमध्ये एक मोकळी जागा होती. परवा दोनेक वर्षांनी तिकडं पाय वळले. जागेवर पांढऱ्या रेघा दिसल्या आणि वाटलं, कुणी तरी पुन्हा खो-खोच्या पाट्या आखल्यात, आता पोरं येतील दप्तरं फेकत. जवळ गेलो तर रेघा घरांच्या पायाच्या. प्लॉट पाडलेत. कोपऱ्यांवर दगड, दगडांवर लाल आकडे. चिंचा तोडून बुंधे एका बाजूला रचलेत, त्यांचा आंबूस ओला वास सगळीकडं. छत्री घेतलेला एक दलाल पुढं आला. "कोने का होना की बीच का, साब?" मी म्हणालो, प्लॉट नको, मी इथं खेळलोय. "खेले होंगे," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

बरोबरच आहे त्याचं. गेल्या वर्षी अख्खं राज्य तोडून तीन ठिकाणी वाटलं. आमची भाषा बोलणारे जिल्हे तिकडं गेले, आम्ही शहरातले इकडं राहिलो. तिथं चिंचेखालच्या तुकड्याची काय मातबरी?

मी पत्रकं लिहीत मोठा झालेला माणूस. पत्रकाला पहिल्या ओळीत अन्याय लागतो आणि दुसऱ्या ओळीत तो कुणी केला त्याचं नाव लागतं. लिंबाजी मास्तरांवर एक पत्रक मी छापलंही, पण त्यांची पुरी गोष्ट कितीदा तरी लिहायला घेतली आणि दरवेळी दुसऱ्या ओळीपाशी अडलो. आज नावाशिवाय लिहितो. चीड आहे, ती लपवत नाही. ती कुणावर काढायची एवढंच कळत नाही.

लिंबाजी मास्तर गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावाहून आलेले. घर शेतकऱ्याचं. अंबरपेठही तेव्हा कुठलं शहर? म्हशींचे गोठे, भाजीचे मळे, ताडीचं एक दुकान आणि आमची पत्र्याची शाळा. मास्तरांना शिकवायला दिलेलं होतं गणित आणि भूगोल. खेळ त्यांना कुणीच दिला नव्हता. तो त्यांनी आपणहून घेतला. ठेंगणे, पायात किंचित बाक, डोक्याला रुमाल, अंगाला ओव्याच्या तेलाचा वास. हा वास वर्गात त्यांच्या आधी यायचा. वर्गात आले की आधी बाकांखाली बघायचे. कुणाची टाच वर उचललेली आहे, कुणी पाऊल आडवं टाकलंय, ते बघून म्हणायचे, "हणमंता, काल घोटा मुरगाळलाय आणि सांगायला नाहीस. संध्याकाळी ये, तेल लावून देतो." तोंडं त्यांना उशिरा पाठ झाली. पाय पहिल्या आठवड्यात.

हणमंत म्हणजे आमच्यातला सगळ्यांत चपळ गडी. सडपातळ, पाठीचा कणा उन्हात मोजता यावा असा. माझा जोडीदार. पाटीवर तो माझ्या डावीकडं बसायचा.

ते दिवस मला वासांनी आठवतात. थंडीत मुशीवरून धुकं यायचं, आणि त्या धुक्यात धोब्यांच्या भट्ट्यांचा, खारात उकळणाऱ्या कपड्यांचा वास. घाट आमच्या जागेला लागूनच होता. उन्हाळ्यात कडुलिंबाचा मोहर आणि ताडीच्या दुकानाकडून येणारी आंबट झुळूक एकात एक मिसळायची. पाट्या आखायला चुना परवडत नसे. मास्तर घरच्या चुलीतली राख भिजवून आणायचे आणि बोटांनीच रेघ ओढायचे. खेळून घरी गेलो की गुडघ्यांना राख, आणि आई ओरडायची की शाळेत शिकायला जाता की भांडी घासायला.

मग ती वर्षं आली. कशी आली, कुणी आणली, ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी पुष्कळ लिहिलंय. इथं लिहायचं नाही. एवढंच सांगतो की बाकी देशात स्वातंत्र्याचे झेंडे लागले तेव्हा आमच्या संस्थानात दारं लागली. रस्त्यावरून खाकीतली टोळकी हातात भाले-बंदुका घेऊन फिरायला लागली. चार पोरं एकत्र ओरडली तर कुणाच्या तरी कानावर ती कवायत म्हणून जायची.

शाळेसमोरच्या चौकीचा जमादार एक दिवस मैदानात आला. म्हातारा, पान खाणारा, मास्तरांच्या ओळखीचा. काठी चिंचेला टेकवून ठेवली, जरा वेळ खेळ बघितला, मग मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्टरसाब, मेरे कू कुछ नै. पण ऊपर से पूछ रे, ये पोट्टे रोज शाम कू कैकू चिल्लाते. चिल्लाना बंद करो. नै तो कल मैं नै आऊँगा, दूसरे आएँगे."

त्यानं धमकी दिली नव्हती. खरं तर उपकारच केले. म्हणूनच मी त्याचं नावही दुसऱ्या ओळीत घालू शकत नाही.

दुसऱ्या कुणीही खेळ बंद केला असता. हेडमास्तर तसं म्हणालेच. जुन्या शहरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत मुरलेल्या घरातले ते गृहस्थ; संकट आलं की आधी टोपी नीट करायची त्यांची सवय. टोपी नीट करून म्हणाले, लिंबाजी, चार महिने सबर करा. मास्तर हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला पाटीवर बसवलं, स्वतः मध्ये उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आजपासून तोंड बंद. खो हातानं द्यायचा."

खो-खो कुणाला माहीत नाही? तरी सांगतो. पाठलाग करणारे एका ओळीत आलटून पालटून तोंडं करून बसतात. धावणारा पुढं निघून गेला की मागचा बसलेल्याच्या पाठीवर थाप देऊन "खो" म्हणतो, आणि बसलेला बाणासारखा सुटतो. हा शब्द म्हणजे खेळाचा श्वास. मास्तरांनी तो काढून घेतला आणि खेळ मेला नाही.

कसं शिकवलं म्हणता? आम्हाला डोळे मिटून बसवायचे आणि एकेकाला मागून पाठीवर हात ठेवायला लावायचे. कुणाचा हात, सांग. आधी सगळे चुकायचे, हसू दाबत लोळायचे. पुढं पुढं मला पाठीला कळायला लागलं. हणमंताचा हात कोरडा आणि बोटं फाकलेली. दुसऱ्या एकाचा कायम ओला. मास्तरांचा जड आणि कोमट. धोबी कपडे आपटायचे त्या वेळेलाच आम्ही खेळायचो, म्हणजे धावण्याची धपधप त्या आवाजात मिसळून जायची. घाटावर आपटणं थांबलं की मास्तर हात वर करत, आम्ही जागच्या जागी थिजायचो. पुन्हा आपटणं सुरू झालं की सुटायचो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, चिंचेखाली कुणी नाही.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, परसातून बघायच्या. त्यांचं घर म्हणजे मैदानाला लागून असलेली शाळेचीच एक खोली. खेळ संपला की शेंगदाणे आणि गूळ टोपलीत घालून आणायच्या आणि म्हणायच्या, "खेळायलाव का चोऱ्या करायलाव रे? मला वाटलं माझी कोंबडी गेली." आम्ही हसायचो. तेही आवाज न करता. खांदे हलायचे फक्त.

आषाढातला एक दिवस आठवतो. बोनालूची, म्हणजे इकडच्या देवीच्या जत्रेची, मिरवणूक निघाली होती. डोक्यावर हळद-कुंकवाचे घट घेतलेल्या बायका, कडुलिंबाचे डहाळे, आणि ढोल असे की पत्रे थरथरावेत. धुपाचा धूर थेट मैदानात आला. मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाले, "पोरांनो, आज कुणाला ऐकू जायचं नाही. आज ओरडून घ्या."

आम्ही पाटीवर बसलो. ढोल वाजत होते. हणमंतानं माझ्या पाठीवर थाप दिली, आणि काहीच म्हणाला नाही. मी सुटलो, पुढच्याला थाप दिली, मीही काही म्हणालो नाही. अख्खा डाव तसाच गेला. मास्तर शेवटी हसले. "लाजायलेत," काकूंना म्हणाले. त्यांना त्यात गंमत वाटली. आम्हालाही. आज वाटतं, त्याच दिवशी कुणी तरी रडायला हवं होतं.

मग देशाची फौज आत आली, पोलीस कारवाई झाली. टोळकी गेली. रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, काही ठिकाणी त्याहून वाईट काही करत होते. आम्ही फक्त मिठ्या बघितल्या. मैदानात तिरंगा लागला. आता बोंबलून खेळायला कुणाची बंदी नव्हती. तुम्ही विचाराल, मग ओरडलात का नाही? विचारा. मीही विचारत आलोय.

झालं असं की आजूबाजूच्या वस्त्यांतल्या पोरांशी आम्ही सामने खेळायला लागलो आणि कुणालाच आम्ही आवरेनासे झालो. बाकीचे "खो" म्हणून ओरडतात, त्यावरून धावणाऱ्याला कळतं की वार कुठून येतोय. आमचा वार कुठून येतोय ते लागल्यावरच कळायचं. पोरं चक्रावायची. "ये तो भुताटकी है रे," म्हणायची. तिथं ना पंच, ना नियमांचं पुस्तक. कुणाच्या तरी मोठ्या भावानं मध्ये उभं राहायचं आणि भांडण झालं तर दोन्हीकडच्यांना चापट्या द्यायच्या. मास्तर खांबापाशी उकिडवे बसून आमचे पाय बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "असा खेळ कुठंच नसंल बघ. आपण केलाय हा." माणसाच्या आयुष्यात स्वतःचं असं काही नसतं, आणि एकदम एक वस्तू हाताला लागते, तसा त्यांचा चेहरा झाला होता. तो चेहरा मी विसरू शकत नाही, आणि विसरता आला असता तर बरं झालं असतं.

मग नवं सरकार आलं आणि नवा कायदा आला. खेळ शिकवणाऱ्याकडं व्यायामशिक्षणाची सनद पाहिजे. मास्तरांकडं ओव्याचं तेल होतं, सनद नव्हती. गणिताला आणि भूगोलाला पदवीवाले मिळाले होते. म्हणजे खेळ गेला की मास्तर गेले. हेडमास्तरांनी टोपी नीट केली. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला पाहिजे. म्हणाले, "लिंबाजी, शहराच्या स्पर्धा होणार आहेत. जिंकून दाखवा. मग मी वर लिहितो की ह्या माणसाला सनद माफ करा. जिंकल्यावर कोण नाही म्हणेल?"

मास्तरांनी आम्हाला ते सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं. गुळाची टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "नीट खेळा रे. इथून उठलो तर आम्हाला जायला जागा नाही. गावाकडचं घर जळालंय." त्या वर्षांत जळालं होतं. आम्हाला तोवर माहीतही नव्हतं.

सामना शहरातल्या मोठ्या मैदानावर होता. खऱ्या चुन्याच्या रेघा. गुळगुळीत खांब. खुर्च्यांवर साहेब लोक, आणि पंच पांढऱ्या विजारीतला, बाहेरून आलेला, शिकलेला, गळ्यात शिट्टी. समोर एका मोठ्या शाळेचा संघ, सगळ्यांना एकसारखे बनियन. त्यांचा पाठलागाचा डाव आधी झाला. आम्ही बरं निभावलं. मग आम्ही पाठलागाला बसलो.

पहिली थाप हणमंतानं मला दिली. मी सुटलो. शिट्टी.

फाऊल. पंच म्हणाला, खो म्हटलं नाही. परत जा. मी परत जाऊन बसलो. पुन्हा थाप. पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा पंचानं खेळ थांबवून पुस्तिका उघडून दाखवली: खो स्पष्ट आणि मोठ्यानं उच्चारला पाहिजे. मोठ्यानं. छापलेलं होतं. फाऊलनं गुण जात नाहीत, वेळ जातो. धावणारे निवांत उभे राहून दम खात होते.

आम्ही ठरवलं, म्हणायचं. काय मोठं? एक अक्षर. पण बसलेल्याच्या पाठीला हात कळायचा आणि शब्द तोंडातून निघायच्या आत तो सुटलेला असायचा. शिट्टी. शब्दाची वाट बघायला बसावं तर पाय बांधल्यासारखे व्हायचे. आणि हणमंत. त्याचं तोंड उघडायचं, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि आवाज यायचाच नाही. मी समोरून बघत होतो. तो प्रयत्न करत नव्हता असं म्हणणाऱ्याचं मी थोबाड फोडीन. लोक हसायला लागले. कुणी तरी ओरडलं, "गुंगों का मदरसा है क्या रे?" खुर्च्यांवरचे साहेबही हसले. हेडमास्तर खाली बघत होते.

मी मास्तरांकडं बघितलं. ते रेघेबाहेर उभे होते. त्यांनी ओरडून सांगायला पाहिजे होतं, म्हणा रे, मोठ्यानं म्हणा. त्यांचंही तोंड बंद होतं. फक्त उजवा पंजा उघडत होता, मिटत होता, उघडत होता.

वेळ संपली. पुढचं काय लिहायचं. सनदवाला आला, तरुण, शिट्टी चांदीसारखी चमकणारी. मास्तरांनी खोली रिकामी केली. आम्ही सामान उचलायला गेलो होतो, पण सामान एवढं थोडं होतं की आमच्यातल्या निम्म्यांचे हात रिकामेच राहिले. हणमंत आला नाही. त्यानं खेळच सोडला, पुढं शाळाही सोडली आणि नांदेडकडं मामाकडं गेला.

मास्तरांना मलकपेठेला काम मिळालं, शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात. चारा द्यायचा आणि घोड्यांचे पाय चोळायचे.

मी कॉलेजात गेलो, संघटनेत गेलो, सुलतान बाजारच्या एका छापखान्यात शाईत हात बरबटून घ्यायला शिकलो. जमिनीवर लिहिलं, भाषेवर लिहिलं, फीवाढीवर लिहिलं. मग एक दिवस ठरवलं, मास्तरांवर लिहायचं. ज्यानं आमचा खेळ त्या काळातून जिवंत ठेवला त्याला स्वराज्यात घोड्याचे पाय चोळायला लावता? लाज वाटत नाही? असं ते पत्रक होतं. छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवायला मी मलकपेठेला गेलो.

तबेल्यात गवताचा, लिदीचा वास, आणि त्यातून तोच ओव्याच्या तेलाचा. मास्तर एका तपकिरी घोड्याच्या पायापाशी उकिडवे बसलेले. वर न बघता म्हणाले, "डावा पाय घासत यायलास. चप्पल बदल." मी वाचून दाखवलं. घोडा शेपटीनं माश्या हाकलत होता.

ऐकून झाल्यावर म्हणाले, "पंच बरोबर होता."

मी म्हणालो, मास्तर, नियम बरोबर असेल, पण ते दिवस कसे होते हे त्याला काय माहीत? तुम्ही काय केलंत हे कुणाला तरी कळायला नको का?

"मी काय केलं?" तेलाचा हात त्यांनी गवताला पुसला. "त्या टोळक्यांनी पोरांना भिववलं, ते गेले. मी पोरांना भ्यायची सवय लावली, ती राहिली. आणि वरून मला ते ग्वाड वाटलं. हणमंताचं तोंड बघितलंस ना तू? ते मी केलं. हे घाल तुझ्या कागदात."

मी ते घातलं नाही. पण काकू तबेल्याच्या दाराशी उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "छाप तू. त्यांचं ऐकू नको. घोडी चांगलीयत, पण त्यांच्याशी बोलून बोलून माणूस किती बोलंल?" आणि मी पत्रक छापलं. सभा घेतल्या, जुन्या खेळाडूंना गोळा केलं, शिक्षणखात्याच्या साहेबांच्या कचेरीसमोर बसलो. आणि काय सांगू, आम्ही जिंकलो. आयुष्यात जिंकलेली माझी ती एकुलती एक चळवळ. सनदवाला तोवर बदली घेऊन गेला होता. हेडमास्तरांनी टोपी नीट करून सही केली. लिंबाजी मास्तरांना पुन्हा मैदानावर घ्यावं.

ते यायला तयार नव्हते. काकूंनी रुमाल धुऊन हातात दिला आणि त्यांना उठवलं.

सकाळची वेळ होती. नवी पोरं पाटीवर बसली होती, सात-आठ वर्षांची, त्या दिवसांत पाळण्यात असलेली. धोबी कपडे आपटत होते. हेडमास्तर होते, मी होतो, आमच्यातले एकदोघं होते. मास्तर खांबापाशी उकिडवे बसले. म्हणाले, "चला. आणि मोठ्यानं म्हणा बरं का." पोरांना सांगायची गरजच नव्हती. पहिल्या पोरानं पुढच्याच्या पाठीत थाप मारली आणि असा "खो" ठोकला की चिंचेवरची पाखरं उडाली.

मास्तरांचे खांदे दचकले. मान वळली आणि त्यांनी रस्त्याकडं बघितलं.

रस्त्यावर भाजीची गाडी होती. चौकी कधीच उठली होती. दुसरा खो झाला. पुन्हा मान रस्त्याकडं. तिसरा, चौथा. ते स्वतःला आवरायला बघत होते, गुडघ्यांवर हात घट्ट दाबून ठेवले होते, पण प्रत्येक खोला मान वळतच होती. पोरं छान खेळत होती. मग पाटीवरच्या एका बारक्याच्या ते ध्यानात आलं. मास्तर काय बघतात म्हणून त्यानंही रस्त्याकडं बघितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. पुढचा खो आला तो जरा बेतानं आला. त्याच्या पुढचा आणखी हळू. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. डाव अर्ध्यावर आला तेव्हा पोरं खो म्हणत होती ती एकमेकांच्या कानात सांगितल्यासारखी, आणि म्हणून झाल्यावर रस्त्याकडं बघत होती.

मास्तरांनी हात वर केला. खेळ थांबला. ते उठले, रुमालानं तोंड पुसलं, एकेका पोराच्या पायांकडं बघत ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि माघारी आले.

हेडमास्तरांना म्हणाले, "पोरं चांगलीयत. आवाज चांगलाय. ह्यांना माझ्यापाशी ठेवू नका."

मी मागं धावलो. फाटकापाशी त्यांना गाठलं. सवय आहे मास्तर, म्हणालो, महिन्याभरात जाईल. माझा आवाज चढला होता, सभेत चढतो तसा.

"जाईल की," ते म्हणाले. "तोवर ती ह्यांना लागंल."

आणि मुशीच्या पुलाकडं चालायला लागले, मलकपेठेच्या वाटेनं. घोड्यांना पाणी दाखवायची वेळ टळून गेली होती.